फास्टॅगमध्ये बॅलन्स असूनही टोलनाक्यावर गाडी का अडकते? सगळा खेळ वरच्या चपट्या डब्याचा

डोंबिवलीहून नाशिकला निघालेली गाडी भिवंडी बायपासची कोंडी पार करून पडघ्याजवळच्या अर्जुनली टोलनाक्यावर येते. नेमकी तिचीच रांग अडते. पुढची गाडी दोन फूट मागे, मग पुन्हा पुढे. कर्मचारी हातातलं मशीन घेऊन धावत येतो, मागून हॉर्न सुरू होतात आणि 'बॅलन्स संपला असेल' असं म्हणून सगळे मोकळे होतात.

पण बॅलन्स असूनही टॅग वाचला जात नाही असं कित्येकदा होतं. तेव्हा बघायचं असतं लेनच्या डोक्यावर लटकणाऱ्या चौकोनी, चपट्या डब्याकडे. तो रीडरचा अँटेना.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच एंट्री पॉइंटवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. आनंदनगर, मुलुंड एलबीएस रोड आणि ऐरोली नाके त्यात आले, त्यामुळे रोज मुंबई गाठणाऱ्या ठाणेकरांची कटकट मिटली. पण नाशिक, पुणे किंवा आमणेवरून समृद्धी धरायची म्हटलं की फास्टॅग लागतोच. राष्ट्रीय महामार्गांवर तो फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, राज्याच्या टोलनाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून. त्यात १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर वैध फास्टॅग नसेल तर रोखीनं दुप्पट आणि यूपीआयनं सव्वापट टोल भरण्याचा नियम लागू झाला. म्हणजे टॅग वाचला न जाणं थेट खिशाला लागतं.

आता हे चालतं कसं ते बघू. फास्टॅगच्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. असते ती एक बारीक चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ पट्टी. वरच्या डब्यातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते.

गोम अशी की साधी रेडिओ लहर एकाच रेषेत थरथरते, उभी किंवा आडवी. टॅगची पट्टीही एकाच रेषेतली लहर पकडते. लोकलच्या खिडकीचे आडवे गज आठवा. फूटपट्टी आडवी धरली तर गजांमधून सहज जाते, उभी धरली तर अडकते. तसंच डबा उभी लहर सोडत असेल आणि स्टिकर आडवा असेल, तर टॅगपर्यंत जवळपास काहीच पोचत नाही. आणि स्टिकर तर लोक जसा सुचेल तसा लावतात.

म्हणून डब्यातली लहर गोल फिरत पुढे येते. याला वर्तुळाकार ध्रुवीकरण म्हणतात. फिरणारी फूटपट्टी कधी ना कधी गजांच्या रेषेत येणारच, तसा टॅग कसाही चिकटवलेला असला तरी त्याला वाटा मिळतो. बदल्यात अर्धी शक्ती वाया जाते.

ही फिरकी द्यायला आत मोटर वगैरे काही नसते. असते ती धातूची सपाट चौकोनी पट्टी. या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटीमीटर, त्यामुळे पट्टीची बाजू त्याच्या निम्मी, सतराच्या आसपास. वडीचे कापावेत तसे तिचे समोरासमोरचे दोन कोपरे कापले की पट्टीवर एकमेकांना काटकोनात दोन कंपनं तयार होतात. त्यातलं एक पाव फेरा मागे राहतं आणि दोन्ही मिळून लहर फिरायला लागते. मागच्या मोठ्या पत्र्यामुळे ती एकाच दिशेला, म्हणजे खाली गाडीकडे जाते. अशा सपाट अँटेनांवर मुंबईतही बरंच काम झालंय. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचं 'ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज' हे २००३ चं पुस्तक याच विषयावरचं आहे.

खरी ओढाताण आकाराची आहे. डबा लहान ठेवला की झोत पसरतो आणि शेजारच्या लेनमधल्या गाडीचा टॅगही वाचला जाऊ शकतो. झोत अरुंद करायचा तर डबा मोठा करावा लागतो.

लहर फिरती असली तरी सगळं माफ नाही. स्टिकर काचेवर तिरका लावला तर चालतं. पण डॅशबोर्डवर आडवा टाकला की पट्टीचं टोक डब्याकडे होऊ शकतं आणि मग तिला फारसं काही मिळत नाही. हातात धरला तर शरीर लहर शोषतं. उष्णता रोखणाऱ्या काचेवर धातूचा थर असेल तर तोही आडवा येतो. हातात धरून दाखवल्या जाणाऱ्या टॅगला महामार्ग प्राधिकरण 'लूज फास्टॅग' म्हणतं आणि जुलै २०२५ मध्ये त्यांना ब्लॅकलिस्ट करण्याचे आदेश निघाले. वाचनातली अडचण बघता त्यात तथ्य आहे, पण नवी गाडी घेतलेल्याला काचेवर नेमकी जागा कोणती हे दाखवतं कोण?

पुढे हा डबा आणखी महत्त्वाचा होणार आहे. सुरतजवळच्या चोर्यासी नाक्यावर अडथळ्याविना टोल घेण्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये करार झाला. तिथे गाडी न थांबता जाणार, म्हणून रीडरच्या जोडीला नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे ठेवले आहेत.

तोवर अर्जुनलीसारख्या राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावर वाद झाला तर २०१८ चा नियम लक्षात असू द्या. टॅग वैध आहे, बॅलन्स पुरेसा आहे आणि नाक्याची यंत्रणाच बंद असल्यानं पैसे कापले जात नाहीत, अशा वेळी गाडी टोल न घेता सोडायची असते आणि शून्य रकमेची पावतीही द्यायची असते. नाक्यावर कुणी ऐकत नसेल तर प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १०३३ आहे.