पिनला किती घेणार?

परवा पुन्हा एक फोन आला. "अरे, रास्पबेरी पायसारखा बोर्ड बनवून घ्यायचाय, आमचा स्वतःचा. कुणी लेआउटवाला आहे का ओळखीत? पिनला किती घेतात सध्या?" बोलणारा अडाणी नव्हता, दहा वर्षं जावा लिहिलेला माणूस. त्याला कुणी "कोडच्या ओळीला किती घेणार?" असं विचारलं असतं तर त्याने फोन आपटला असता.

मी चिडलो, कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मीही विचारला होता.

चांगले डिझायनर मिळत नाहीत, असं आपण सॉफ्टवेअरवाले कायम रडत असतो. मला हे साफ अमान्य आहे. आपण शोधतो रेघा ओढणारा, दर देतो रेघा ओढण्याचा, आणि बोर्ड चालला नाही की त्याला इंजिनिअर म्हणून जाब विचारतो.

माझंच बघा ना. भोसरीतल्या एका मित्राच्या मशीनवर बसवायला बोर्ड हवा होता. बीगलबोन ब्लॅकचं डिझाइन खुलं आहे, तेव्हा तेच उचलायचं, दोन कनेक्टर बदलायचे, झालं! मी अर्ध्या पानाची ईमेल लिहिली, तीन कोटेशनं मागवली आणि सगळ्यात स्वस्त होतं ते घेतलं. वर शहाणपणा केला, "सहा लेअर कशाला, चारमध्ये बसवा." त्या बिचाऱ्याने बसवलं. टेबलावर लिनक्स झकास बूट झालं. आम्ही पेढे वाटले. मशीनवर मात्र दुपारी बोर्ड तापला की कर्नल पॅनिक. रोज वेगळ्या जागी. मी तीन आठवडे ड्रायव्हरमध्ये बग शोधत बसलो.

बग तांब्यात होता. लेअर कमी केल्यामुळे मेमरीच्या रेघांखालचं ग्राउंड मध्येच तुटलं होतं. सिग्नल जातो रेघेवरून, पण त्याचा करंट परततो खालच्या ग्राउंडवरून. ती वाट तुटली की डीडीआरचं टायमिंग जेमतेम काठावर येतं, आणि थंड खोलीत ते दिसतही नाही. मित्राचे पैसे गेले आणि मी चार लोकांत डिझायनरला शिव्या घातल्या. लेअर कमी करा म्हणणारा मीच होतो, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

आणि "पायसारखा" म्हणजे काय हो? पायवरचा ब्रॉडकॉमचा मुख्य प्रोसेसर तुम्हा-आम्हाला सुटा विकत मिळतच नाही. शे-दोनशे नग हवे असतील तर सरळ कम्प्यूट मॉड्यूल घ्या. २०२० मध्ये आलेलं चौथं मॉड्यूल ५५ बाय ४० मिलिमीटरचं आहे. प्रोसेसर, मेमरी, त्यांचा वीजपुरवठा सगळं त्यावरच, म्हणजे अवघड भाग दुसऱ्याने करून ठेवलाय. खालच्या बोर्डाच्या नमुन्याच्या कायकॅड फाइल्सही फुकट आहेत. (२०२१-२२ च्या टंचाईत मॉड्यूलवाले हात चोळत बसले होते, हेही खरं. फुकट काहीच नसतं.)

तरीही स्वतःचाच हवा? मग दुसऱ्या रिव्हिजनचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. बोर्ड पहिल्यांदा चालू करताना कोण समोर बसणार, ते आधी ठरवा. नुसत्या गर्बर फाइल्स घेऊ नका, ती कम्पाइल केलेली बायनरी असते. मूळ स्रोत मागा आणि तसं करारात लिहा. डिझायनरला विचारा, मागच्या बोर्डात काय चुकलं होतं? "काहीच नाही" म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

शेवटी आम्ही मॉड्यूलच वापरलं. खालच्या बोर्डासाठी मी त्याच डिझायनरकडे गेलो, आधी माफी मागितली. या वेळी तीन पानं लिहून नेली होती. ती बाजूला ठेवून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मशीनच्या डब्यात आत तापमान किती जातं?"

मी मोजलंच नव्हतं.