वाकलेली पाठ आणि रक्ताची चिठ्ठी

घरातील कर्ती स्त्री पन्नाशी ओलांडते, तिची पाठ हळूहळू वाकू लागते, उंची दोन बोटे कमी होते, आणि घरची माणसे म्हणतात, "वय झाले!" आमच्या बालाघाट जिल्ह्यात भाताच्या रोवणीत जन्मभर वाकून राबलेल्या स्त्रीविषयी तर कोणास त्याचे नवलही वाटत नाही. परंतु वाचकहो, पुष्कळदा अशा पाठीतील मणके आतून विरळ होऊन दबलेले असतात. हा रोग होय, आणि त्यावर उपाय आहेत.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. जुने हाड झिजविणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशींचे काम त्यात अखंड चालू असते. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजन हा अंतःस्राव झिजविणाऱ्या पेशींना आवर घालतो. आपल्या देशात सरासरी 46-47 व्या वर्षी पाळी कायमची थांबते, तेव्हा हा लगाम सुटतो. 1992 साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, इस्ट्रोजन नाहीसे होताच इंटरल्युकिन-6 हे दाह वाढविणारे द्रव्य झिजविणाऱ्या पेशींची संख्या वाढविते. हेच द्रव्य यकृताकडून सी.आर.पी. नावाचे प्रथिन तयार करविते. हे प्रथिन 1930 साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात प्रथम आढळले होते.

तर मग रक्तातील सी.आर.पी. मोजून हाडांची स्थिती कळेल काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. ताप, हिरड्यांचा रोग, संधिवात, अंगातील जादा चरबी, यांपैकी कशानेही हा आकडा चढतो. धूर दिसला म्हणजे कोठेतरी आग आहे एवढेच समजते. कोणाचे घर जळते आहे, ते धूर सांगत नाही. उलटपक्षी, आकडा कमी आला म्हणून हाडे भक्कम आहेत असेही नव्हे. मात्र तो वारंवार चढा येत असेल, तर डॉक्टरांकडून कारण शोधून घ्यावे. सांधे सुजविणारा आमवात हाडेही पोखरतो.

हाडांची घनता मोजावयाची तर डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणी आहे. ती दूरच्या शहरात करावी लागली, तरी पुढील खुणा दिसताच टाळू नये: साध्या पडण्याने मनगट मोडणे, उंची घटणे, पाठीत एकाएकी कळ येणे, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या असणे. मोडलेले मनगट ही पूर्वसूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे खुबा मोडतो, आणि चालतीबोलती माता खाटेला खिळते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2005 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अल्प उत्पन्नाच्या घरांतील 30 ते 60 वर्षांच्या स्त्रिया तपासल्या होत्या. त्यांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांच्या खुब्याजवळचे हाड ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झालेले आढळले. त्यांच्या आहारात कॅल्शियम फारच थोडे होते. पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी 2020 सालची शिफारस आहे. शंभर ग्रॅम तांदळात ते जेमतेम दहा मिलिग्रॅम असते, तर तितक्याच नाचणीत, म्हणजे आपल्या मडियात, साडेतीनशेच्या आसपास.

येथे प्रश्न केवळ वैद्यकाचा उरत नाही. आपल्या घरांत दूध आधी विकले जाते, मग मुलांना मिळते, मग पुरुषांना. आणि सर्वांना वाढून झाल्यावर जी शेवटी बसते, तिच्या पानात भात आणि पातळ वरण उरते. तीस-चाळीस वर्षांचे हे उणे साठाव्या वर्षी हाडांतून वसूल होते.

यास्तव आमची कुटुंबप्रमुखांस विनंती आहे की, रक्ताच्या महागड्या चिठ्ठीपूर्वी घरातील ताटाकडे पाहावे. आईसाठी पेलाभर दूध व मडियाची भाकर आधी काढून ठेवावी. तिला सकाळच्या उन्हात चालू द्यावे, न्हाणीतील शेवाळ घासून काढावे, रात्री दिवा हाताशी ठेवावा. आणि सुनेच्या पानाचाही विचार आजच करावा. तिची साठी अद्याप दूर आहे, तोच तिच्या हाडांचा भरणा करण्याचा काळ आहे.