पंक्चरवाल्याची बाजू घ्या

सायकल गरिबाची, म्हणून ती दुरुस्त करणाराही गरीब, आणि गरीब म्हणून अडाणी. असा सरळसोट हिशोब या शहराने मांडून ठेवलाय. 'पंक्चरवाला' हा शब्द आता शिवीसारखा फेकतात. मुसलमान पोरगा दिसला की हमखास फेकतात. फेकणाऱ्याला एकदा विचारा, बाबा, तुला चाकाचा आऊट काढता येतो काय? कुठली तार आवळायची, कुठली सैल सोडायची, हे बोटांना कळावं लागतं. छर्रे झिजलेत की कोन गेलाय, हे चाक गरकन फिरवून आवाजावरून सांगावं लागतं. या विद्येला सर्टिफिकेट नाही, म्हणून ती विद्याच नाही? हात काळे करणारा खालचा आणि तोंडाची वाफ दवडणारा वरचा, ही वाटणी कुणी केली ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातीने कष्टकऱ्यांचे कप्पे कसे पाडले ते उघडं करून दाखवलंय. पंक्चरवाला त्यातल्याच एका कप्प्यात कोंबलेला आपला भाऊ आहे.

उपनगरात सायकल कोण चालवतो ते बघा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेर सकाळी उभे राहा. पेपर टाकणारी पोरं, दूधवाला, पाववाला, डोक्यावरचा टोप कॅरिअरवर आणलेला इडलीवाला, चहाची किटली अडकवलेला पोऱ्या, डबेवाले, रातपाळी संपवून निघालेला वॉचमन. यांच्यासाठी सायकल म्हणजे व्यायाम नाही, रोजी आहे. ट्यूब फुटली की दिवस फुटला. अशा वेळी चकचकीत शोरूमवाला शटर वर करायची वाट बघायला लावणार. कोपऱ्यावरचा उस्ताद मात्र घमेल्यात पाणी ओतून बसलेला असतो. ट्यूब बुडवतो, बुडबुडा शोधतो, घासून सोल्युशन लावतो, पॅच ठोकतो. पैसे नसले तर म्हणतो, जा, उद्या दे. उधारीवर चालणाऱ्या माणसांना उधारीवर चालवणारा हा माणूस. तो उठला तर गल्लीतल्या वीस घरांची सकाळ अडते.

आता नवीन सायकल मोबाईलवर बोट दाबून घरी येते. खोक्यात, अर्धवट जोडलेली. हँडल वेगळा, पॅडल वेगळं, पुढचं चाक वेगळं. मग तेच खोकं घेऊन पोरगं उस्तादाकडे येतं आणि जोडणीच्या मजुरीवरून घासाघीस करतं. कंपनीला एक पैसा कमी दिला नाही. इथे दहा रुपयांसाठी भांडण! दोस्तांनो, ही आपलीच पोरं आहेत. आपण स्वतः रोजावर काम करतो आणि दुसऱ्याचा रोज कापायला बघतो, याला काय म्हणायचं?

कंपन्यांचा भरवसा कुणी सांगावा? वरळीची हिंद सायकल आठवते का? १९८० साली संसदेत कायदा करून सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे तीही गेली. अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्याच उन्हाळ्यात याच मुंबईतून मजूर सायकली मारत युपी-बिहारला निघाले होते. गाड्या बंद, मालक गायब, सरकार घरात. वाटेत एखादा पंक्चरवाला भेटला तर नशीब. आम्ही गोदीत काम करतो. कंटेनर आले आणि हुकावर गोण्या उचलणारे गडी मोजके उरले, हे डोळ्यांनी बघतोय. कसब एकदा मोडलं की पुन्हा उभं राहत नाही. कंपनी मेली तरी तिची सायकल वीस-वीस वर्षं पळते, ती या उस्तादाच्या पान्यावर.

सरकारलाही अधूनमधून सायकलीचा पुळका येतो. वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक केला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. २०१८ साली महापालिकेने तानसा जलवाहिनीलगत मुलुंड ते शीव ३९ किलोमीटरच्या ट्रॅकची योजना काढली. त्याच जलवाहिनीच्या काठावरच्या झोपड्या सुरक्षेच्या नावाने पाडून माणसं माहुलला, रिफायनऱ्यांच्या धुरात नेऊन टाकली होती. तिथे जगणं इतकं मुश्कील की २०१९ मध्ये हायकोर्टाला या लोकांना महिना १५ हजार भाडं द्या म्हणून सांगावं लागलं. ज्यांना पोटासाठी सायकल लागते त्यांना उठवायचं आणि मोकळ्या जागेवर हौशी सायकलची वाट काढायची! सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलं झालं. पण फुटपाथवर बसणाऱ्याला कर नको, जागा हवी आहे.

आणि जागेसाठी कायदा आहे. २०१४ चा फेरीवाला कायदा फक्त भाजीवाल्याचा नाही. रस्त्यावर सेवा देणाराही त्यात येतो, म्हणजे पंक्चरवालाही येतो. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्याला उठवता येत नाही. पंप, पेटी, पाने उचलून नेले तर जप्त मालाची यादी द्यावी लागते आणि मागणी केल्यावर न नासणारा माल कामाच्या दोन दिवसांत परत करावा लागतो. हे उस्तादाला ठाऊक नसतं. आपण मॅट्रिक झालो, बीए झालो ते कशाला? अर्ज लिहून द्या. गाडी येईल तेव्हा शेजारी उभे राहा, यादी मागा.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणजे देव आहे असं आम्ही म्हणत नाही. त्याच्याकडे चौदाच्या आतला छोटू पाना फिरवताना दिसला तर तोंड उघडा. पोराला शाळेत घालायला लावा, मोठ्या कारागिराला पुरता पगार द्यायला लावा. बाजू घ्यायची म्हणजे डोळे झाकायचे नाहीत.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतले सायकलवाले मोजावेत. कोण कुठे बसतो, किती वर्षं बसतो, कागद काय आहे, वहीत उतरवावं. आपली सायकल त्याच्याकडेच टाकावी, सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. आणि पुढच्या वेळी कुणी 'पंक्चरवाला' म्हणून हसला, तर त्याला तिथंच अडवावं.