बायकांचे न सांगण्याचे दुखणे

दिवाळीच्या अंकात लघवीच्या दुखण्यावर लिहिते आहे, म्हणून काही भगिनी नाक मुरडतील. मुरडोत बापड्या! इतकी वर्षे बायकांची दुखणी ऐकून मी एवढे शिकले आहे, की रोगापेक्षा संकोचच त्यांना अधिक छळतो.

एक शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या. मधुमेह जुना. लघवीला जाऊन आल्या तरी ओटीपोट जड, आणि नकळत थेंब थेंब गळे. "लघवी तर होते आहे, मग तुंबेल कशी?" हा त्यांचा प्रश्न. मधुमेहाने, मणक्याच्या दुखापतीने किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयाच्या नसा दुबळ्या झाल्या, की ते पुरते रिकामे होत नाही. भरून ओसंडते तेवढेच बाहेर येते. मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि पुढे मूत्रपिंडांनाही धोका पोचतो.

उपाय साधा आहे. दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी आपल्याच हाताने घालून मूत्राशय रिकामे करायचे. ते झाले की नळी काढून टाकायची. हे सारे निर्जंतुकच हवे, असे पूर्वी मानीत. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडीस यांनी मांडले, की स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरेत. मूत्राशय फुगून राहिले की त्याच्या भिंतीला रक्त कमी मिळते आणि जंतूंचे फावते. म्हणून वेळेवर रिकामे करणे सर्वांत महत्त्वाचे.

बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब. तरी पहिल्या दिवशी आरसा समोर धरून बाई रडल्याच. "अहो डॉक्टरबाई, माझ्याच्याने नाही व्हायचे!" आमच्या नर्सने धीर देऊन शिकविले. पंधरवड्यात आरसा सुटला. जागा बोटांनाच कळू लागली. आता त्यांच्या पिशवीत चष्म्याच्या घराशेजारी नळीची डबी असते, आणि मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत काम उरकते.

नळी कोणती, किती वेळा, एकदाच वापरायची की धुऊन पुन्हा, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. ताप आला, लघवीतून रक्त गेले किंवा कंबरेच्या वर दुखू लागले, तर वाट पाहू नये.

आणि सुनांनो, सासूबाई रात्रीतून चार-पाचदा उठत असतील, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसून विचारा. त्या आपणहून सांगायच्या नाहीत.