काढा होता म्हणून निभावले!

मार्गशीर्षात आमच्या अण्णांना मध्यरात्री दवाखान्यात हलवावे लागले. हृदयविकाराचा दुसरा झटका. पहिला सहा वर्षांपूर्वी आला होता, तेव्हा एक स्टेंट बसवला होता. आता दुसरा बसला. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून अण्णा घरी आले. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, पुतण्याने पहाटेची वाट न पाहता गाडी काढली म्हणून म्हणा.

मी आठ दिवस त्यांच्याकडे राहिलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येकाला चहा आणि चहाबरोबर एक वाक्य ठरलेले, "काढा चालू होता ना, म्हणून निभावले!" येणाराही मान डोलवायचा. आजारी माणसाच्या घरात वाद घालू नये म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून इथे लिहितो आहे. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. रागावणार असाल तर रागवा, पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

पाहुण्यांना न सांगितलेली गोष्ट अशी. झटक्याच्या आठ महिने आधी अण्णांनी कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद केली होती. कट्ट्यावर कोणीतरी सांगितले की या गोळीने लिव्हर जाते, स्नायू झिजतात, आणि शेवटी हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. त्याऐवजी काष्ठौषधीच्या दुकानातून अर्जुनसादड्याची साल आणून तिचा काढा आणि जोडीला गुग्गुळाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांना सांगितले नाही, "ते उगाच ओरडतील." आणि या आठ महिन्यांत रक्त एकदाही तपासले नाही. गोळी चालू होती तेव्हा त्यांचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ६८ होते. दवाखान्यात दाखल केले तेव्हा निघाले १५१.

गोळी सोडली म्हणूनच झटका आला असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. पण मग हाच नियम काढ्यालाही लावा की! झटका आला नसता तर काढ्याचा गुण, आला आणि वाचले तरी काढ्याचा गुण. पडलो तरी नाक वर. मी उभा जन्म पेपर तपासण्यात घालवला. उत्तर काहीही लिहिले तरी पैकीच्या पैकी गुण मिळतात अशी परीक्षा मी कुठे पाहिली नाही, आणि अशा परीक्षेत पास झालेल्या विद्यार्थ्याला काही येते असेही मी मानणार नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तरांना आयुर्वेदाचे वावडे आहे. मुळीच नाही. साठी ओलांडली तेव्हा माझे एलडीएल १६२ निघाले होते. हृदयविकार नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने पथ्य आणि चालणे करून पाहा म्हटले. मी त्यात अर्जुनाच्या काढ्याची भर घातली. रोज सकाळी, अगदी नेमाने. तीन महिन्यांनी आकडा आला १५८. काढा कडू होता म्हणून तो काम करत असणार असे मला वाटत होते. कडू औषधावर आपला भारी विश्वास! पण कागदावरचा आकडा पाहिला आणि गोळी सुरू केली. काढा प्यायलो याची लाज वाटत नाही. आकडा पाहिल्यावरही तेच रेटले असते तर वाटली असती.

माझ्या विषयातले एक सांगतो. मी मराठी शिकवायचो, भाषांतरे तपासायचो. "कोलेस्टेरॉल म्हणजेच आपल्याकडचा मेद, आणि मेदावर औषध आपल्या ऋषींनी केव्हाच सांगून ठेवले आहे" हे वाक्य वारंवार ऐकू येते. सुश्रुतसंहितेत मेद वाढल्याचे वर्णन आहे हे खरे. पण ते वर्णन स्थूल झालेल्या, धाप लागणाऱ्या, घाम येणाऱ्या माणसाचे आहे. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस काडीसारखा असू शकतो. आमचे अण्णाच पाहा, उभ्या आयुष्यात पोट सुटले नाही. रक्तातल्या कोलेस्टेरॉलला रूप नाही, लक्षण नाही, दुखणे नाही. ते मोजल्याशिवाय कळतच नाही. सुश्रुतांकडे ते मोजण्याचे साधन नव्हते, यात त्यांचा काही कमीपणा नाही. कमीपणा आपला, की दोन वेगळ्या गोष्टींवर एकच शब्द चिकटवून आपण मोकळे होतो.

गंमत म्हणजे हा दुवा खरोखर जोडता येतो का, हे तपासण्याचे काम आपल्याच लोकांनी मोठ्या निष्ठेने केले होते. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतांच्या त्या वर्णनावरून गुग्गुळावर प्रबंध लिहिला. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्यावर गुग्गुळाचा परिणाम पाहिला आणि तो अनुकूल निघाला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून शुद्ध केलेले औषध तयार केले आणि १९८०च्या दशकात ते बाजारात आले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात ६१ रुग्णांत एलडीएल सुमारे साडेबारा टक्के कमी झाले. अभिमान वाटावा असेच हे काम. ग्रंथातले वाचले, त्यावर प्रश्न विचारला, प्रयोग केला, आकडे मांडले.

पण प्रयोगाचा मान राखायचा तर नंतरच्या प्रयोगाचाही राखावा लागतो. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ माणसांवर आठ आठवडे हाच गुग्गुळाचा अर्क वापरून पाहिला. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. खोट्या गोळीवाल्यांचे एलडीएल ५ टक्के उतरले. गुग्गुळवाल्यांचे उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्के चढले! काहींच्या अंगावर पुरळ उठले ते वेगळेच. यावर लगेच उत्तर तयार असते, "ती अमेरिकन माणसे, त्यांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा." असेलही. मग आपल्या माणसांवर, आपल्या आहारात, पुरेशा मोठ्या संख्येने पुन्हा प्रयोग करा आणि दाखवा. ते न करता दुकानातली डबी विकत राहायची, हे उत्तर नव्हे.

अर्जुनाचेही तेच. २००१ साली जयपूरच्या डॉक्टरांनी १०५ हृदयरुग्णांचे पस्तीस-पस्तीसचे तीन गट करून प्रयोग केला. सालीचे चूर्ण घेणाऱ्यांचे एलडीएल सरासरी सुमारे १६ टक्के उतरले. वाचून बरे वाटते. पण पस्तीस माणसे आणि तीस दिवस! तीस दिवसांच्या हजेरीवर मी कोणाला वर्षाच्या परीक्षेत पास केले नसते. लसणाचा गाजावाजा तर विचारूच नका. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ माणसांना सहा महिने लसूण दिला, काहींना कच्चा, काहींना गोळ्यांतून. एलडीएल ढिम्म हलले नाही. लसणीची चटणी भाकरीबरोबर जरूर खा, फक्त तिच्यावर हृदयाचा भार टाकू नका.

आता त्या बदनाम गोळीकडे वळू. "ते केमिकल, हे नैसर्गिक" असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. या गोळ्यांचा, म्हणजे स्टॅटिनचा जन्म बुरशीतून झाला. १९७०च्या दशकात जपानचे अकिरा एंडो यांनी हजारो बुरशी तपासल्या आणि एका हिरवट बुरशीत कोलेस्टेरॉल रोखणारा पदार्थ त्यांना सापडला. पुढे दुसऱ्या एका बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळाले आणि १९८७ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजच्या बऱ्याच गोळ्या प्रयोगशाळेत बनतात, पण घराणे तेच. थोडक्यात काय, औषध झाडातून आले की बुरशीतून, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न एवढाच, की घेणारे जगले का?

आणि ते मोजले गेले आहे. १९९४ साली स्कॅन्डिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधारण अर्ध्यांना सिम्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना खोटी गोळी, अशी पाच वर्षांहून जास्त देखरेख. खोट्या गोळीच्या गटात २५६ माणसे दगावली, औषधाच्या गटात १८२. हा रक्ताच्या कागदावरचा आकडा नाही, माणसे आहेत ही. अण्णांसारखीच, एकदा हृदयाचे दुखणे होऊन गेलेली. असा हिशेब अर्जुनाचा किंवा गुग्गुळाचा मांडून दाखवा, मी स्वतः या पानावर माफी मागेन.

गोळीला दुष्परिणाम नाहीत का? आहेत. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित यकृताचे आकडे वाढतात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याची साखर थोडी वाढू शकते. पण हे आपल्याला कळले कसे? मोजले म्हणून! काढ्याच्या पुडीवर दुष्परिणाम लिहिलेले नसतात याचा अर्थ ते नाहीत असा होत नाही, कोणी मोजले नाहीत एवढाच होतो. शिवाय एक इंग्लंडमधला प्रयोग ऐका. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० माणसांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. निष्कर्ष २०२० साली आला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, दुखत होते हे खरेच, पण त्यातले बरेचसे भीतीने दुखत होते. ही भीती कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट वाटली जाते.

कंपन्या नफा कमावतात हेही मान्य. पण काढ्याची बाटली काय धर्मादाय असते का हो? दोन्हीकडे दुकानच आहे. एका दुकानदाराला पुरावा मागायचा आणि दुसऱ्याला नमस्कार करायचा, हा कुठला न्याय?

आणि "नाही गुण आला तर नाही, अपाय तर होत नाही ना?" हे सगळ्यांत घातक वाक्य. १९९४ सालीच मुंबईतल्या संशोधकांनी दाखवून दिले होते की गुग्गुळाच्या अर्काबरोबर घेतल्यास डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल या औषधांचे रक्तातले प्रमाण घटते. ही रक्तदाबाची आणि हृदयाचीच औषधे. म्हणजे म्हातारा माणूस गोळी नेमाने घेतो आहे आणि ती अंगी पुरती लागतच नाही! डॉक्टरांना सांगितले नाही तर त्यांना कळणार कसे?

आयुर्वेदाचा खरा मान कसा राखतात ते पाहायचे तर १९४९ सालात जा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन, आकडे नोंदवून, लेख ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. जगभर सर्पगंधेचे नाव झाले. पुढे तिच्यातल्या औषधाने काही रुग्णांना उदासी येते हेही दिसले आणि चांगली औषधे आल्यावर ती मागे पडली. यात आयुर्वेदाचा अपमान कुठे झाला? तपासणी मागणारा आयुर्वेदाचा शत्रू नसतो. तपासणीला घाबरणाराच मनातून त्याला कच्चा समजत असतो.

आणि जे पास होते त्याला मी पास म्हणतोच. आपला साधा इसबगोल! पोट साफ होण्यासाठी आजीच्या काळापासून घरात आहे. नेमाने घेतला तर एलडीएल थोडे उतरते हे अनेक प्रयोगांत दिसले, आणि १९९८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा उल्लेख वेष्टनावर करायला परवानगीही दिली. थोडे म्हणजे थोडेच, गोळीच्या जागी नव्हे. भरपूर पाणी हवे, आणि गोळीच्या वेळेपासून अंतर ठेवून घ्यायचा.

असो. वहिनी, आता थोडे तुमच्याशी. तुम्ही आठ महिने रोज पहाटे उठून तो काढा उकळलात. अण्णांसाठी तुमच्याइतके कोणी केलेले नाही, आणि हे लिहून मी तुमच्या कष्टांवर पाणी ओततो आहे असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. पण काढ्याला श्रेय दिलेत की गोळीची आठवण राहत नाही, म्हणून एवढे कडू लिहिले. तीनच गोष्टी करा. रात्रीची गोळी तुमच्या हाताने द्या. काढ्याची आणि गुग्गुळाची पुडी पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा, ओरडले तर ओरडू देत, मी बरोबर येतो. आणि तपासणीची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा.

महाशिवरात्रीच्या आधी अण्णांचे रक्त पुन्हा तपासायचे आहे. अण्णांची हरकत नसेल तर आकडा मी इथेच लिहीन. कसाही आला तरी.