तीन विद्या शिकलेली खेड्यातली मुलगी



घरातली एखादी मुलगी चांगली गाते, पेटीवरही तिचा हात बसलेला असतो. अशा वेळी तिला काय शिकवावे आणि काय सोडायला लावावे, असा प्रश्न आईबापांना पडतो. आज तुम्हाला अशाच एका मुलीची हकिकत सांगतो. ही मुलगी पोलंडची. नाव मार्सेला सेंब्रिख.

तिचा जन्म 1858 सालचा, विश्न्येव्चिक नावाच्या खेड्यातला. त्या काळी पोलंड देश नकाशावर उरलाच नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. हे खेडे ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेलेले. आज ते युक्रेनमध्ये आहे. बाप वाजवणारा, पण कुणा गुरूकडे न जाता स्वतःच शिकलेला. घरची गरिबी. देण्यासारखी एकच गोष्ट जवळ होती, ती त्याने पोरीला दिली. चौथ्या वर्षी पियानो, सहाव्या वर्षी व्हायोलिन! लहानपणीच ती समारंभांतून वाजवू लागली आणि घराला चार पैशांची मदत होऊ लागली. तिचे वाजवणे ऐकून एका जाणत्या वृद्ध गृहस्थाने तिला ल्वूव शहरातल्या संगीतशाळेत घातले. तिथे विल्हेल्म श्टेंगेल हे पियानोचे शिक्षक मिळाले. पुढे त्यांच्याशीच तिचे लग्न झाले.

आता प्रश्न आला निवडीचा. श्टेंगेल यांनी तिला फ्रान्झ लिस्ट या नामांकित पियानोवादकापुढे नेले. तिने पियानो वाजवला, व्हायोलिन वाजवले आणि गायलीही. लिस्ट यांनी सल्ला दिला, तिन्ही विद्या चांगल्या आहेत, पण तू गा. तिने तो मानला आणि इटलीत मिलान शहरी लांपेर्ती नावाच्या गुरूंकडे गळा तयार केला. 1877 साली ग्रीसमधल्या अथेन्स शहरात ती पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर उभी राहिली. नाव मात्र आईच्या माहेरचे लावले, सेंब्रिख!

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या जवळचा प्रकार. फरक असा, की तिथे बहुतेक सगळे बोलणेही गाण्यातूनच होते. समोर वाजवणाऱ्यांचा मोठा ताफा, आणि गाणाऱ्यापुढे लाउडस्पीकर नाही. हजारो माणसांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो नुसत्या छातीच्या दमावर.

1883 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन हे नवे ऑपेरागृह उघडले. दुसऱ्याच रात्री मुख्य भूमिकेत मार्सेला होती. पण त्या हंगामात ते चालवणारे हेन्री ॲबी यांना मोठा तोटा आला. त्यांच्या मदतीसाठी एप्रिल 1884 मध्ये कार्यक्रम झाला. त्या रात्री मार्सेला गायली, मग व्हायोलिन वाजवले, मग पियानोवर बसली. लोक थक्क झाले. ज्या दोन विद्या मागे ठेवल्या होत्या, त्या फुकट गेल्या नव्हत्या. त्यांच्यामुळेच तिचा सूर आणि ताल इतका पक्का होता.

1906 साली सॅन फ्रान्सिस्को शहरात भूकंप आणि आग झाली, तेव्हा ही मंडळी दौऱ्यावर तिथेच होती. वादकांची वाद्ये जळाली. ज्याचे वाद्य गेले त्याची भाकरी गेली, हे बापाच्या घरी वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको होते. न्यूयॉर्कला परतल्यावर तिने त्यांच्यासाठी जलसा करून पैसा उभा केला. पहिल्या महायुद्धात पोलंडच्या लोकांची दैना झाली, तेव्हा अमेरिकेतून मदत गोळा करण्याच्या कामातही ती पुढे होती.

आणखी एक शहाणपण तिच्याकडून घेण्यासारखे आहे. आवाज चांगला असतानाच, 1909 साली, तिने ऑपेराचा निरोप घेतला. नंतर विद्या वाटली. फिलाडेल्फियाच्या कर्टिस आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संस्थांत तिने अनेक मुली तयार केल्या. उन्हाळ्यात लेक जॉर्ज या सरोवराकाठी ती शिकवायची. तिथली तिची शिकवण्याची खोली आज संग्रहालय म्हणून जपली आहे. 1935 साली ती वारली.

तेव्हा मंडळी, पोरीच्या अंगी दोन-तीन गुण दिसले तर आधीच त्यातले खुडून टाकू नका. सगळेच थोडे थोडे वाढू द्या. कोणते पीक घ्यायचे, ते जाणत्याला विचारून पुढे ठरवता येते.