करडाची हजेरी

आमच्या कोल्हारला दिवाळी सुरू होते ती वसुबारसेला. सवाष्णी गाय-वासराला ओवाळीत असतात आणि साऱ्यांचे लक्ष वासराकडे असते. माझे लक्ष मात्र दर वर्षी शेजारी बांधलेल्या करडाकडे जाते. कारण एका करडाने मला जे शिकविले, ते पुढे एम. ए.च्या पुस्तकांतही सापडले नाही.

गोष्ट माझ्या तिसरीतली, पस्तीसएक वर्षांपूर्वीची. दिवाळी सरत आली की प्रवरेच्या काठी ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आमच्या भागाचे वर्ष या हंगामावरच मोजले जाते. बीडकडून, पाथर्डीकडून बैलगाड्या येत. गाडीत संसार, संसारावर कोंबड्यांचे डालगे आणि गाडीमागे शेळी. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. अशाच एका कोपीतली मुलगी त्या वर्षी आमच्या वर्गात आली. दोन दिवस आली आणि मग यायची थांबली.

गुरुजी स्वतः कोपीवर गेले. मागोमाग आम्ही दोघे-तिघे. आईबाप पहाटेच फडात गेले होते आणि मुलगी करडू मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"गुरुजी, ह्याला टाकून कशी येऊ? कुत्री फाडत्यात की!"

गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग त्यालाही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी करडू वर्गात हजर! आता तुम्ही म्हणाल, वर्गाचे काय झाले असेल? जे व्हायचे तेच झाले. पहिल्याच तासाला त्याने भिंतीवरच्या नकाशातला अवघा सिंधुदुर्ग जिल्हा खाऊन टाकला. "याला भूगोलाची गोडी दिसते," एवढेच गुरुजी म्हणाले आणि नकाशा वरच्या खिळ्याला टांगला.

मग काय विचारता! आठवडाभरात कोणी मांजराचे पिल्लू आणले, कोणी पंख दुखावलेला होला, कोणी तलंग. मी आमचे कुत्र्याचे पिल्लू नेले. त्याने बसायच्या गोणपाटावर जे करायचे ते केले. शेवटी गुरुजींनी नियम केला, की प्राणी फक्त शनिवारी, सकाळच्या शाळेत. करडाला मात्र रोज मुभा.

मला हा उघड अन्याय वाटला. मी उभा राहून विचारले, "गुरुजी, तिचे करडू रोज, मग आमचे पिल्लू का नाही?"

"तुझ्या पिल्लाला घरी आजी आहे," गुरुजी म्हणाले. "तिच्या करडाला कोण आहे?"

मी खाली बसलो. पुढे तपासणीला साहेब आले, तेव्हा करडू कोपऱ्यात उसाचे वाढे खात होते. "हे काय?" साहेबांनी विचारले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे बाहेर गेले तर एक मुलगी बाहेर जाते." साहेबांनी मुलीकडे पाहिले, करडाकडे पाहिले आणि हजेरीपटावर सही केली.

अध्यापक झाल्यावर मी कोसबाडची हकीकत वाचली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले काम पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत ना, कारण गुरे राखायची असत, धाकटी भावंडे सांभाळायची असत. या दोघींनी भावंडांसाठी पाळणाघर शाळेला जोडून घेतले आणि गुराख्यांसाठी शाळाच उचलून कुरणात नेली. तिचे नावच कुरणशाळा. गुरुजींनी करडू वर्गात घेतले. या दोघींनी वर्ग गुरांपाशी नेला. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला खरा. पण घरचे करडू कोणी सांभाळायचे, हे कायद्यात लिहिलेले नसते. ते शिक्षकानेच ओळखायचे असते.

हे सारे ठाऊक असलेला हा शहाणा माणूस स्वतः काय करतो, तेही सांगतो. गेल्या वर्षी माझ्या सकाळच्या पहिल्या तासाला एक विद्यार्थी रोज उशिरा येई. घंटा झाली की दार लावायचे, ही माझी शिस्त. चार-पाच वेळा तो बंद दारावरून परत गेला आणि पुढे यायचाच थांबला. मी हजेरीपटावर निमूटपणे गैरहजेरी मांडीत राहिलो. कोपीवर काही गेलो नाही!

दिवाळीच्या सुट्टीत तो दूध संकलन केंद्रावर भेटला, दोन्ही हातांत कॅन. घरी चार गाई, वडील अंथरुणाला खिळलेले. धार काढून, दूध घालून मगच त्याला निघता येई.

"अरे, मला सांगायचे नाही का?" मी म्हणालो.

"सर, दार लावलेले असायचे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे अधिक लागले.

तो कॉलेजात परत आला नाही. यंदा मी पहिल्या तासाला दार उघडे ठेवतो आणि पहिल्या दहा मिनिटांतले शेवटी पुन्हा सांगतो. कधी शेणाचा वास येतो, कधी दुधाचा. कोणीतरी हळूच मागच्या बाकावर येऊन बसते. मी वळून पाहत नाही. फक्त हजेरी मांडतो.